दिवा लागला म्हणजे चालू

सिंदेवाहीत बसस्टँडच्या रस्त्यावर, खता-बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. आठ मशिनी, एक इन्व्हर्टर आणि एक मी. आसपासच्या खेड्यांत कुणाच्याही कॉम्प्युटरला खोकला झाला तरी माणूस माझाच जिना चढायचा, त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची. ओसाड गावी एरंड बळी, ही म्हण मी शाळेत दहा वेळा लिहून काढली होती. ती आपल्यालाच लागू पडते हे कळायला फार वेळ लागला.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. मला तेव्हा लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमचं, वेड लागलं होतं. चंद्रपूरच्या एका बुकस्टॉलवर मासिकासोबत त्याची सीडी फुकट मिळाली आणि तेव्हापासून मी जो भेटेल त्याला लिनक्सचे गुण सांगत सुटायचो. व्हायरस लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि गावात दुसऱ्या कुणाला ते येत नाही. खरं सांगायचं तर तिसरं कारणच माझ्यासाठी पहिलं होतं.

माझ्या क्लाससमोर, रस्त्याच्या पलीकडे मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. धानाच्या शेतातले पंप जळले की लोक ते बैलगाडीवर, सायकलवर घालून तिथे आणत. दुकानाच्या मालकांना सगळं गाव चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. चाचांची एक पद्धत होती. जळालेली तार काढून नवी भरली, वार्निश वाळलं, मोटर पुन्हा जुळवली, तरी ते ती गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. दुकानासमोर पाण्याने भरलेला डांबराचा ड्रम होता. मोटर त्याला जोडायची, पाइप सोडायचा आणि पाण्याची धार रस्त्यापर्यंत गेलेली गिऱ्हाइकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट नसला तर चाचा शेतकऱ्याला तासन्‌तास बसवून ठेवत, चहा पाजत, त्याच्या शिव्या खात, पण पाणी ओढल्याशिवाय मोटर जाऊ देत नसत.

"आवाज तर फालतू मोटरही करते, भाऊ," ते म्हणायचे. "पानी ओढते का ते पाह्य."

चाचांची मुलगी माझ्याकडे शिकायला होती. बीएस्सी झालेली, बोलायला कमी आणि हाताने हुशार. दुपारी ती दुकानात वडिलांचा डबा घेऊन जायची आणि ते जेवत असताना त्यांच्या जागेवर बसून मोटरीची तार भरायची. चाचा गिऱ्हाइकांना सांगायचे, "हिचा हात माझ्याहून साफ आहे." माझ्या क्लासमध्येही तेच. मी एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. ती माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती आणि मी हे तिला कधी म्हटलं नाही, कारण चांगल्या विद्यार्थ्याचं श्रेय मास्तरालाच असतं असं माझं मत होतं.

त्या उन्हाळ्यात तिला हैदराबादच्या एका लहानशा कंपनीचं बोलावणं आलं. प्रत्यक्ष काम करवून घेऊन परीक्षा होणार होती. पत्रात लिहिलं होतं की स्वतःचा लॅपटॉप आणावा, हॉलमध्ये वायरलेस इंटरनेट मिळेल, प्रश्न त्यावरच येतील आणि दोन तासांत उत्तरं त्यावरूनच पाठवायची. त्यांचं सगळं काम लिनक्सवर चालतं असंही त्यात होतं. घरात चर्चा झाली. मुलीला एवढ्या दूर पाठवायचं कशाला, असं दोन-चार नातेवाईक म्हणाले. चाचांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "पोरीले काम येते. मी स्वतः घेऊन जातो." उन्हाळी धानाचा हंगाम, दुकानात मोटरींची रांग, आणि हा माणूस दोन दिवस दुकान बंद ठेवायला निघाला. मुलीच्या नोकरीचा प्रश्न होताच. पण चाचांनी चारचौघांत तिच्या हाताची ग्वाही दिली होती, तीही पणाला लागली होती.

लॅपटॉप तिच्या नागपूरच्या मामाने वापरून दिलेला. ती तो माझ्याकडे घेऊन आली आणि मी लगेच बाह्या सरसावल्या. विंडोज पुसलं, लिनक्स टाकलं. पडदा, आवाज, कीबोर्ड, सगळं एका दमात चाललं. चाललं नाही ते फक्त वायरलेस कार्ड.

हे कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या पोटात बसवलेली बिस्किटाएवढी पट्टी. हवेतून येणारं इंटरनेट तीच पकडते. ती बनवणाऱ्यांनी ती चालवायची फाइल, म्हणजे ड्रायव्हर, फक्त विंडोजसाठी काढलेला असायचा. तेव्हा लिनक्सवाले एक जुगाड करत. विंडोजचाच ड्रायव्हर घ्यायचा आणि एका मधल्या प्रोग्रामच्या मदतीने तो लिनक्सच्या गळी उतरवायचा. यात कार्डाचा नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर जुळणं महत्त्वाचं. मी तीन दिवस फोनच्या तारेवरच्या मरतुकड्या इंटरनेटवर शोधत बसलो. नेमक्या नंबरची फाइल सापडेना. त्याच घराण्यातली, शेवटचा एक आकडा वेगळा असलेली सापडली. ती टाकली.

आणि कीबोर्डच्या वर वायरलेसचा निळा दिवा लागला.

बारा-बारा तास लाइट नसलेल्या गावात दिवा लागणं म्हणजे काय असतं हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. पंखा, गिरणी, पंप, टीव्ही, आमच्याकडे कशाचीही विचारपूस एकाच प्रश्नाने व्हायची: लाइट आला काय? दिवा लागला की सगळं आलं. माझ्या क्लासमधल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली जाऊन पाव किलो पेढे आणले आणि सगळ्यांना वाटले.

नेटवर्क शोधायची कमांड मी दिली होती, नाही असं नाही. यादी रिकामी आली. पण ती रिकामी येणारच होती! गावात वायरलेस इंटरनेट होतं कुणाकडे? कार्ड चांगलं असलं तरी यादी रिकामी आणि मेलेलं असलं तरी रिकामीच. हे मला त्या क्षणीही कळत होतं. मी ते मनात येऊ दिलं आणि पेढ्याबरोबर गिळून टाकलं.

तिने मात्र गिळलं नाही. मुलं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, तुमचे आतेभाऊ कोरपन्याकडे सिमेंट कंपनीच्या कॉलनीत आहेत ना? तुम्ही म्हणत होते, तिथल्या गेस्ट हाउसमध्ये वायफाय आहे. एकदा तिथी नेऊन पाहाचं काय? अब्बा येतील सोबत."

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि म्हणूनच मला राग आला. पेढे वाटून झालेले, टाळ्या घेऊन झालेल्या, आणि आता ही मुलगी मला सांगते की तपासून पाहा! बाहेर मे महिन्याचं चंद्रपुरी ऊन. दोन बसा बदलून आतेभावाच्या दारात उभं राहायचं, त्यात कार्ड चाललं नाही तर तो आयुष्यभर चिडवणार.

"माझ्यावर भरवसा नाई काय?" मी म्हणालो. "दिवा दिसून राह्यला ना तुले?"

तिने मान खाली घातली. लॅपटॉपसोबत आलेली जुनी सीडी तिने पिशवीतून काढून माझ्यासमोर धरली होती, विचारावं म्हणून. मी ती न बघता म्हणालो, "ती विंडोजची. आता काय कामाची?" तिने ती परत पिशवीच्या कप्प्यात ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशी चाचा स्वतः माडीवर आले. जिना चढून दम लागला होता. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, निळ्या दिव्याकडे पाहिलं आणि हसत विचारलं, "सर, पानी ओढून पाह्यलं ना?"

मी म्हणालो, "हो चाचा. एकदम ओके."

ती शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मास्तराला त्याच्याच क्लासमध्ये खोटं पाडायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. ती रीत मला त्या दिवशी फार सोयीची वाटली.

ती दोघं पॅसेंजरने बल्लारशाला आणि तिथून रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माझा मोबाइल वाजला. क्लास भरलेला होता. आठही मशिनींवर मुलं होती, आणि भात संशोधन केंद्रातले एक साहेब, जे माझ्याकडे तक्ते करायला शिकत, खुर्चीवर बसले होते.

"सर," तिचा आवाज कापत होता, "दिवा तर लागला आहे, पण लिस्ट रिकामी येऊन राह्यली. एकही नाव नाई. बाकी सगळ्यांचं लागलं. पेपर सुरू झाला सर."

मला लगेच कळलं काय झालंय. शेवटचा आकडा. मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं: चूक माझी आहे, जवळच्या माणसाला केबल माग, पिशवीत सीडी आहे ती लाव. बस्स, एवढंच. पण साहेब माझ्याकडे पाहत होते, मुलं माझ्याकडे पाहत होती, आणि मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "असं कसं होईल? मी दिलं तेव्हा तर चालू होतं!"

ती फोन घेऊन हॉलबाहेर आली असावी. मग फोन चाचांच्या हातात गेला.

"सर, काय झालं? पोरगी रडून राह्यली."

"चाचा, मी पूर्ण तपासून दिलं होतं," मी म्हणालो. "वाटेत तिनं काहीतरी दाबलं असेल. घाईत होते असं, पोरींचं."

चाचा फक्त "अच्छा," म्हणाले, आणि फोन बंद झाला. साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली. मी मुलांना म्हणालो, "चला, पुढचं पान काढा." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तरी नाचणाऱ्याच्या अब्रूपुरती असते. माझ्या न नाचण्यापायी दुसऱ्याचं अंगण खणून निघालं.

हैदराबादला शेवटच्या अर्ध्या तासात कुणीतरी कुठूनशी एक केबल शोधून आणली. त्या अर्ध्या तासात तिने निम्मा पेपर सोडवला आणि तो सगळा बरोबर होता. कंपनीवाल्यांनी तिला तसं सांगितलंही. पण निम्मा म्हणजे निम्माच. घेतलं नाही.

परत आल्यावर चाचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. ती आली नव्हती. "पोरीनं काय बिघडवलं ते पाहून द्या सर," म्हणाले. त्यांच्या बोलण्यात माझ्याबद्दल काही नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी मी एकटाच मोटरसायकलवर कोरपन्याकडे गेलो. तेच ऊन, तेवढंच अंतर, आता मात्र काही अवघड वाटलं नाही. आतेभावाने गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात बसवलं. निळा दिवा लागला. यादी रिकामी. शेजारी एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर तीन नावं दिसत होती. मी लॅपटॉपच्या पिशवीच्या कप्प्यात हात घातला. तिची सीडी तिथेच होती, एका रुमालात गुंडाळलेली. त्यात नेमक्या नंबरचा ड्रायव्हर होता. जुना काढला, हा टाकला, कमांड दिली. तीन नावं आली. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली असतील. मला तिथे रडू कोसळलं असतं तर मी स्वतःला थोडं तरी माफ केलं असतं. मी चहा प्यालो आणि आतेभावाला म्हणालो, "एका पोरीनं बिघडवून ठेवलं होतं." तिथे तर मला कुणी विचारलंही नव्हतं.

चाचांना मी सांगितलं की फाइल बदलली गेली होती, आता दुरुस्त आहे. कुणी बदलली ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एवढ्या दूर जाऊन आलो म्हणून त्यांनी माझ्या कूलरच्या पंपाची मोटर नवी बांधून दिली, ड्रमवर चालवून, मला समोर उभं करून. ते सगळं मी निमूटपणे घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मलाच माहीत होतं.

महिनाभराने चाचा पुन्हा आले. या वेळी मुलगी सोबत होती. म्हणाले, "सर, हिले तुमच्याजवळच ठेवा. शिकवाचं काम करेल. जरा सांभाळून घ्या. काम येते हिले, पन चूक कबूल करत नाई."

ती खिडकीबाहेर पाहत होती. चाचांच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मुलांबद्दल वडील असं बोलतच असतात, असं मी धरून चाललो. मला फायदाच होता. गावातली सगळ्यात हुशार मुलगी माझ्या क्लासमध्ये शिकवू लागली, आणि माझं नाव आणखी मोठं झालं. अधूनमधून लाज वाटायची, विशेषतः कुणी म्हणालं की सर, तुम्ही तिला तयार केलं. मग मी स्वतःची समजूत घालायचो. हैदराबादला कुठे राहिली असती, काय खाल्लं असतं. इथे घरच्याजवळ आहे, बरंच झालं. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याला सीमा नाही.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांना दिसत होती, पण मी तिचा विचार केला नाही. ती दुपारी वडिलांच्या दुकानात जाईनाशी झाली. डबा तिचा लहान भाऊ न्यायचा. ती क्लासमध्येच एकटी बसून जेवायची. मला वाटलं, मुलगी जबाबदार झाली.

चारेक वर्षं अशी गेली. चाचांचा दमा वाढत गेला आणि एका हिवाळ्यात ते वारले. सगळा बाजार बंद होता. ज्यांच्या मोटरी त्यांनी ड्रमवर चालवून दिल्या होत्या ते शेतकरी पाथरी, नवरगावपासून आले होते. मीही खांदा दिला. माझ्या खांद्यावर तो भार आला आणि मला वाटलं की आपण इथून बाजूला व्हावं, आपला हात लागू नये. पण बाजूला झालो असतो तर लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून झालो नाही. तिथेही मला लोकांचीच काळजी.

ती तीन आठवड्यांनी कामावर आली. एका दुपारी लाइट नव्हता, मुलं घरी गेली होती, मशिनी बंद होत्या. मी तिला बसायला सांगितलं आणि सगळं बोलून टाकलं. ड्रायव्हरचा शेवटचा आकडा, गेस्ट हाउस, तिच्या रुमालातली सीडी, चाळीस मिनिटं. "तू काहीच दाबलं नव्हतं," मी म्हणालो. "चूक माझी होती. मी चाचांशी खोटं बोललो." बोलताना मला वाटत होतं की ती रडेल, किंवा मोठ्या मनाने जाऊ द्या सर म्हणेल. दोन्हीची मी तयारी केली होती.

ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही चालवून नाई पाह्यलं हे तर मले तेव्हाच माहीत होतं सर. मी तिथीच उभी होती ना."

"मग तू चाचांना सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं होतं. येताना गाडीतच सांगितलं. म्हटलं, अब्बा, सरांनी तपासलंच नव्हतं, मी म्हटलं तर माझ्यावर रागावले." ती पुढे म्हणाली, "अब्बा म्हने, स्वतःच्या चुकीपायी उस्तादले खोटं पाडते काय? बल्लारशापर्यंत माझ्याशी बोलले नाई. मंग घरी आल्यावर बोलले, पन पहिल्यासारखं नाई. पोरीच्या हातातून काम बिघडलं याचं त्याईले काही नव्हतं. पोरगी खोटं बोलली, हे त्याईच्या मनातून गेलं नाई."

मी चार वर्षं समजत होतो की मी तिची फक्त नोकरी घालवली.

"आता मले काऊन सांगून राह्यले, सर?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अब्बाले सांगाचं होतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी ओरडलं की लाइट आला. तिने उठून एकेक मशीन सुरू केली, हजेरीचं रजिस्टर घेतलं आणि तीनच्या बॅचची वाट बघत दारात जाऊन उभी राहिली. मी खुर्चीवरून समोरच्या दुकानाकडे पाहत बसलो. माझ्या जिन्यापासून चाचांच्या गल्ल्यापर्यंत फार तर वीस पावलं होती. कोरपन्याला जाऊन येणारा मी, चार वर्षांत तेवढी वीस पावलं चाललो नव्हतो.